कोल्बेनची टकटक

"काय रे कोल्बेन, आज काय सापडलं बायकोच्या मोज्यात?"

रान्काने धक्क्याच्या या टोकावरून ओरडून विचारले. तिचा डावा कान ठार बहिरा, म्हणून ती सगळ्यांशीच ओरडून बोलते. कोल्बेनशी जरा जास्तच. तो पार कडेला गुडघे टेकून दोरी ओढत होता. दोरीच्या टोकाला तारेचे कडे, आणि त्या कड्याला शिवलेला एक रेशमी पायमोजा. मोजा त्याच्या बायकोचा, आउस्ताचा. ती जाऊन बरीच वर्षे झाली होती. लग्नाच्या दिवशी तिने तो एकदाच घातला आणि मग पेटीत जपून ठेवला. कोल्बेनने मात्र त्याला कामाला लावले होते.

"सावकाश ओढ रे! आत पाय असला तर?"

"गप बस गं. पाणी तरी निथळू दे."

आम्ही चौघी-पाचजणी हातातले विणकाम घेऊन जवळ गेलो. दुसरे काम नव्हतेच. कोल्बेनने मोजा उलटा करून एका पांढऱ्या कपात झटकला आणि कप उजेडाकडे धरला. चांगल्या वर्षी त्या कपाचा तळ लाल होऊन जायचा. साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, टुणटुण उड्या मारणारे तांबडे जीव. आम्ही त्यांना तांबडी म्हणतो. हेरिंग मासळी तांबडीवर जगते आणि हे हाफ्नाविक गाव हेरिंगवर, एवढाच आमच्या खाडीचा हिशेब. त्या दिवशी कपात नुसता पातळ, बुळबुळीत चिकटा होता आणि त्यात तांबडे ठिपके दोन.

"दोन आहेत," कोल्बेन म्हणाला.

"नवरा-बायको असतील तर सोड परत पाण्यात. पोरंबाळं तरी होतील," रान्का म्हणाली.

आम्ही हसलो. कोल्बेनही हसला. पण कप रिकामा करताना कोल्बेन धक्क्याच्या कडेवर पालथा पडला, त्याने कप अगदी पाण्याला टेकवला आणि हळूच तिरपा केला. ते बघून मला पुढे हसवले नाही.

हे अडुसष्ट सालचे. मी थोरा, आकुरेरीकडच्या एका मेंढ्यांच्या शेतावरची. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा हेरिंग खारवायला हाफ्नाविकला आले आणि मग दर उन्हाळ्याला येतच राहिले. लग्न झाले तरी आले, लग्न मोडले तरी आले. सबंध आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर तेव्हा आमच्यासारख्या शेकडो बाया बराकींमधून राहायच्या. बोट आली की धक्क्यावर रांगेत उभे राहायचे, सुरीच्या एका फटक्यात हेरिंगचे डोके आणि आतडे काढायचे, मासे पिंपात रचायचे, थरावर थर, मध्ये मीठ. पाठ मोडायची, बोटे सुजायची, मिठाने कातडे सोलून निघायचे. आणि तरीही सांगते, माझ्या आयुष्यात मी तिथे जेवढी हसले तेवढी पुढे कधी हसले नाही.

कोल्बेन आमचा उठवणारा. प्रत्येक धक्क्याला असा एक माणूस असायचा. बोटीला वेळकाळ नसतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे सूर्य मावळायचे नाव घेत नाही, त्यामुळे काम कधीही निघे आणि झोप मिळेल तेव्हा घ्यावी लागे. त्यातून पोट तांबडीने गच्च भरलेली हेरिंग म्हणजे मोठी नखरेल बया. मासा गुबगुबीत, चरबीने नुसता लखलखणारा. पण जरा ताटकळत ठेवला की पोटातली तांबडी आतूनच त्याला नासवते आणि पोट फुटते. एक झोप जास्त झाली तर सगळी बोट खताच्या कारखान्यात. म्हणून उठवणाऱ्याला मान.

तो आमच्या बराकीच्या भिंतीकडेने वल्ह्याचा एक मोडका दांडा घेऊन निघायचा आणि प्रत्येक खिडकीवर वेगळी टकटक करायचा. रान्काला कान नाही, म्हणून तिच्या बाजेमागच्या फळीवर दाणकन एक. दीसा दगडासारखी झोपणारी. ती आतून शिवी घालेपर्यंत तिची खिडकी वाजत राहायची. माझ्या काचेवर तो दांडा कधी लावत नसे. नुसती नखाने दोनदा टिकटिक, कारण मी आधीच जागी असते हे त्याला ठाऊक होते. आणि मग हाळी: "उठा गं पोरींनो! मासा आलाय! आवरा की, लोळताय काय!"

या माणसाची टकटक कधी खोटी ठरली नव्हती. दुसऱ्या धक्क्यांवरचे उठवणारे नुसती रेडिओवर कुणकुण लागली की सगळ्यांना बाहेर काढत, आणि बिचाऱ्या बाया ओल्या वाऱ्यात कुडकुडत उभ्या. कोल्बेन तसे करत नसे. बोट खाडीच्या तोंडातून आत शिरली, तिच्या डेकवरचा मासा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की मगच तो दांडा उचलायचा. त्यामुळे त्याची टकटक झाली की आम्ही डोळे मिटूनच गमबूट चढवायचो.

"आणि तुला कोण उठवतं रे?" दीसाने एकदा कॉफी पिता पिता त्याला विचारले होते.

दातात साखरेचा खडा धरून त्याने बशीतून एक घोट घेतला. "पूर्वी आउस्ता उठवायची. आता कुणी उठवायला नाही, म्हणून झोपतच नाही."

त्याने हे थट्टेतच सांगितले आणि आम्हीही ते थट्टेतच घेतले.

याच दीसामुळे त्याला आणखी एक काम लागले होते. एका वर्षी मोसम संपला, आम्हाला न्यायला किनाऱ्याने गावोगाव जाणारी बोट आली, सगळ्या चढल्या, बोट निघाली आणि मग लक्षात आले की दीसा नाही. ती बराकीत घोरत पडली होती. तेव्हापासून दरवर्षी आमची बोट सुटली की कोल्बेन रिकाम्या बराकीच्या एकेका खिडकीवर टकटक करून, काचेला कान लावून बघायचा, आत कुणी राहिले तर नाही ना. आम्ही डेकवरून ओरडायचो, "अरे, दीसा इथं आहे!" तो ऐकायचा नाही. सगळ्या खिडक्या पुऱ्या करायचा.

त्या वर्षी मात्र वसंतातच घोटाळा झाला. उत्तरेकडून समुद्रावर तरंगत बर्फ आला तो थेट खाडीत घुसला आणि जून उजाडला तरी हलेना. धक्क्याला बोट लागेना, मीठ उतरेना. बर्फ गेला तरी पाण्यातला गारठा गेला नाही. धुताना हात घातला तर कोपरापर्यंत कळ यायची. हेरिंगचा पत्ता नव्हता. आधीची दोन-तीन वर्षेही ती लांब लांबच राहत होती, पण थोडीफार तरी यायची. या वर्षी जुलै संपत आला आणि आमच्या सुऱ्यांना अजून मासा लागला नव्हता.

धक्क्याचा मालक ओड्डगेर. माणूस वाईट नव्हता, पण पार पिचला होता. एक दिवस तो बराकीत आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"मी आकुरेरीला जातोय, बँकेत," तो म्हणाला. "ऑगस्ट संपेपर्यंत एक बोट जरी इथं उतरली, तरी मी त्यांना सांगू शकतो की धंदा चालू आहे. नाही उतरली तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही. बराक विकायला काढतो."

"आणि कोल्बेनची खोली?" मी विचारले. कारण कोल्बेन बराकीच्याच टोकाला असलेल्या एका खोलीत राहायचा. आउस्ता असल्यापासून.

ओड्डगेरने कोपऱ्यात बसलेल्या कोल्बेनकडे पाहिले नाही. "त्याची लेक आहे की रेक्याविकला. चांगली आहे. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, नळाला गरम पाणी."

"हाल्लाकडे?" कोल्बेन म्हणाला. "तिथं मी कुणाला उठवू? तिच्याकडे घड्याळ आहे."

ओड्डगेर गेला. जाताना सवयीने त्याने कचेरीला कुलूप लावले आणि रेडिओ आतच राहिला. कुणी त्याच्यामागे किल्लीसाठी धावले नाही. रेडिओवर दुसरे ऐकण्यासारखे काय होते? हेरिंग इथे नाही, तिथे नाही, हेच.

काही दिवसांनी संशोधकांची एक बोट गोड्या पाण्यासाठी धक्क्याला लागली. तिच्यावर ह्याल्ती नावाचा लांबोडका, दाढीवाला तरुण होता. तो समुद्रातले पाणी तपासत हिंडायचा. कोल्बेन मोजा वर काढत होता, ते बघून तो धावतच आला. आम्हाला वाटले, आता हा हसणार. पण तो कोल्बेनच्या शेजारी गुडघ्यावर बसला.

"रेशीम का?" त्याने विचारले.

"बायकोचा आहे."

"आमच्या जाळ्याचंही रेशीमच असतं. फक्त आमचं कधी कुणाच्या लग्नात गेलेलं नाही."

रान्काला तो तिथल्या तिथे आवडला. तिने त्याला बराकीत आणून कॉफी दिली, लोणी लावून सुका मासा दिला. त्याने आपली काचेची बरणी टेबलावर ठेवली. आत आमच्या कपातला तोच चिकटा, थोडा जास्त.

"उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यात हिरवळ धरते," तो म्हणाला. "कुरणात धरते तशीच, पण डोळ्याला न दिसणारी. त्या हिरवळीवर तांबडी चरते, तांबडीवर हेरिंग. यंदा बर्फाचं थंड पाणी इथवर पसरलंय. हिरवळ उशिरा धरली, ती पण विरळ. मग तांबडी कशावर वाढणार? हेरिंग इथं आली तरी तिच्या ताटात काही नाही."

"मग ती कुठं गेली?" दीसाने विचारले.

"वाढलेलं आहे तिथं. पार वर, अस्वलबेटाच्या पलीकडे. बोटीने जायचं तर आठवड्याची गोष्ट."

बरणी हातात घेऊन उजेडाकडे धरत, कपासारखीच, कोल्बेनने विचारले, "परत येईल?"

ह्याल्तीने दाढी खाजवली. तेव्हाच मला उत्तर कळले. "पाणी उबदार झालं तर तांबडी येईल. हेरिंगचं सांगता येत नाही. थंडीने तिला हुसकली हे खरं, पण नव्या जाळ्यांनी आपणही तिला फार उपसली. उरलीय किती, तेच कळत नाहीये. खोटं कशाला सांगू? माझ्या हिशेबाने या खाडीत लवकर काही येत नाही."

"बरं," कोल्बेन म्हणाला. "कॉफी घे अजून."

त्याच्या सांगण्यात काही चूक नव्हती हे पुढे सगळ्या देशाने पाहिले. पण त्या दिवशी मला त्या पोराचा रागच आला. आशेवर राहायला काही पैसे पडत नव्हते. तेवढे तरी त्याने ठेवायला हवे होते.

त्यानंतर बराक रिकामी व्हायला लागली. कुणाला मासे गोठवण्याच्या कारखान्यात काम मिळाले, कुणाच्या घरी गवत कापायचे होते. आम्ही जेमतेम डझनभर उरलो. किनाऱ्याची बोट ऑगस्टच्या शेवटी येणार होती. तोवर लोकरीचे मोजे विणायचे, पॅनकेक भाजायचे आणि एकमेकींची जुनी लफडी उगाळायची. कोल्बेन रोज मोजा टाकायचा. फक्त आता कप आम्हाला दाखवायचा नाही. आणि आम्हीही विचारायचो नाही, रान्कासुद्धा.

मग एका सकाळी माझ्या काचेवर नखाने टिकटिक झाली.

मला आधी वाटले, स्वप्न. पुन्हा दोनदा. मग रान्काच्या फळीवर दाणकन, आणि ती हाळी, तीच, पण आवाज मात्र एखाद्या पोराचा असावा तसा चढलेला: "उठा गं! उठा! मासा आलाय!"

काय धांदल उडाली म्हणून सांगू! दीसा पहिल्याच टकटकीला उठली. तिने शिवी घातलीच नाही. मेणकापडाचे एप्रन कुठे, हातमोजे कुठे, रुमाल कुणाचा कुणाच्या डोक्याला. सुऱ्या आम्ही रोजच्या रोज पाजवून ठेवल्या होत्या, कंटाळ्याने. आम्ही धावलो. बाहेर बारीक पाऊस आणि धुके, आणि त्या धुक्यातून एक बोट आत येत होती. नाकापर्यंत खाली बसलेली, डेकवर ताडपत्री, ताडपत्रीखाली ढीग. भरलेली बोट! कोल्बेन धक्क्याच्या टोकाला उभा होता, टोपी काढलेली, दांडा बगलेत. आम्ही रांगेत आमच्या आमच्या जागी उभ्या राहिलो. गेलेल्यांच्या जागा मध्ये मोकळ्याच ठेवल्या.

दोरी फेकली. कोल्बेनने ती झेलून खुंटीला घातली. कप्तान कडेला आला आणि आमच्याकडे बघतच राहिला: डझनभर बाया, एप्रन बांधून, हातात सुऱ्या.

"हे काय?" तो म्हणाला. "कुणाची वाट बघताय?"

"तुझीच की," रान्का ओरडली. "उतरव लवकर, पोटं फुटतील त्यांची!"

कप्तानाने ताडपत्रीचे एक टोक वर केले. खाली पिंपे होती. झाकणे ठोकलेली, बंद पिंपे, एकावर एक.

"अस्वलबेटाच्या वर मारलीय," तो हळूच म्हणाला, जणू काही त्याचाच अपराध. "तिथून ताजी कशी टिकेल? आम्ही बोटीवरच खारवतो आता. पोरं करतात सगळं. इंजिन गरम होतंय म्हणून तासभर थांबलो. खाली दक्षिणेला जायचंय."

कुणी हलले नाही. पावसाचे पाणी सुऱ्यांवरून ओघळत होते. मी कोल्बेनकडे बघायचे नाही असे ठरवले आणि बघितलेच.

"बोट खाली बसलेली दिसली," तो म्हणाला. कप्तानाला की आम्हाला, कळले नाही. "मला वाटलं..."

एवढेच. मग टोपी घातली आणि बराकीकडे चालू लागला. दांडा धक्क्यावरच राहिला. एरवी तो लंगडत नसे, पण त्या दिवशी चालताना त्याचा एक पाय ओढत होता.

कप्तानाला काय वाटले कोण जाणे, त्याने आपणहून एका पिंपाचे झाकण काढले. "बघा तरी," म्हणाला. आम्ही भोवती गोळा झालो. त्या उन्हाळ्यातली आमची ती पहिली हेरिंग, दुसऱ्यांनी कापलेली. मोठी, जाड, देखणी होती. दीसाने एक उचलून हुंगली. रान्काने अंगठ्याने तिचे कापलेले पोट उघडले. आतल्या कातडीला तांबूस डाग होते, न धुतलेले.

"चांगलंचुंगलं खात होती की," रान्का म्हणाली. "आणि धुतलीय मात्र गाढवासारखी. पुरुषांचं काम!"

कप्तान हसला. प्रवासात काही पिंपांतला मासा खाली बसला होता, ती वरून भरायला हवी होती. दोघींचे काम. त्याने "कोण करेल?" विचारले तेव्हा सगळ्याच पुढे झाल्या. कॉफीला आधण येईल एवढ्या वेळात ते संपले. शेवटी शेवटी तर आम्ही एकेक मासा उगाच पुन्हा उचलून नीट ठेवत होतो.

परतताना रान्का माझ्याजवळ आली. आणि मी पहिल्यांदाच तिला हळू बोलताना ऐकले.

"पक्षी नव्हते गं."

"काय?"

"बोटीमागे एकसुद्धा पक्षी नव्हता. ताजा मासा असता तर आभाळ पांढरं झालं असतं. बाहेर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं."

मी थांबलेच. खरे होते. हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. कोल्बेनने तर उभा जन्म त्या पक्ष्यांकडे बघत काढला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्या धावत होत्या," ती म्हणाली. "मलाही धावायचं होतं."

त्या दिवसानंतर कोल्बेन खोलीबाहेर आला नाही. आम्ही दाराशी जेवण ठेवायचो. भांडे रिकामे परत यायचे, धुऊन. दीसाने दाराबाहेरून सांगितले, "अरे, एवढं काय त्यात? इतर धक्क्यांवर तर रोजचं होतं!" मला वाटते तिने नको तेच सांगितले. इतर धक्क्यांवर होते म्हणूनच तर आमच्या धक्क्यावर कधी झाले नव्हते. मोजाही कुणी टाकला नाही. तो तसाच दोरीवर वाळत होता, वाऱ्याने फुगत होता.

ओड्डगेर आकुरेरीहून आला तो दारावर लावायला 'बराक विकणे आहे' असा कागद घेऊनच आला. आमच्याशी एकेकीशी हात मिळवला त्याने. कोल्बेनच्या दाराशी गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि दार न वाजवताच परत फिरला.

मग आमची बोट आली. सकाळची वेळ, हवा स्वच्छ. सामान चढवून झाले. भोंगा एकदा वाजला.

"त्याला सांगायला नको?" दीसा म्हणाली.

"भोंगा ऐकला असेल की त्याने," मी म्हणाले. "यायचं असतं तर आला असता."

"भोंग्याने कोण उठतं?" रान्का म्हणाली आणि चालायला लागली. आम्ही सगळ्या तिच्यामागे. धक्क्यावर वल्ह्याचा दांडा पडला होता तो तिने उचलला. कोल्बेनच्या खिडकीपाशी आल्यावर मात्र तिने तो माझ्या हातात दिला. "तू कर. मला किती जोरात ते कळत नाही."

मी दांडा खाली टेकवला आणि नखाने दोनदा काच वाजवली.

आत काही हलले नाही. मी पुन्हा वाजवली. आणि मग सवयीने तोंडात ती हाळी आली, आणि पहिल्याच शब्दानंतर पुढे काय म्हणायचे ते मला सुचेना.

"ऊठ रे कोल्बेन," मी म्हणाले. "बोट आलीय."

दार लगेच उघडले. तो कपडे घालून तयार होता. टोपी, गमबूट, कोटाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. किती वेळ तसा बसला होता देव जाणे. त्याने आमच्या डोक्यांवरून धक्क्याकडे पाहिले.

"कुठली बोट?"

"आमची," मी म्हणाले.

मग त्याने घसा खाकरला. "मग आवरा की! लोळताय काय!"

रान्का मोठ्याने रडायला लागली, तिला हळू काहीच येत नाही. कोल्बेनने तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि माझ्या हातातला दांडा काढून घेतला. धक्क्यापर्यंत तो आमच्या पुढे चालला. प्रत्येकीचा हात हातात घेऊन "भेटू" म्हणाला, दरवर्षी म्हणायचा तसेच, आणि आम्हीही तेच म्हणालो. दोरी त्यानेच सोडली.

बोट धक्क्यापासून सुटली तशा आम्ही कठड्याशी दाटीने उभ्या राहिलो. कोल्बेन पाठमोरा झाला आणि बराकीकडे गेला. पहिल्या खिडकीशी थांबला. दांडा वर झाला. मग त्याने काचेला कान लावला. मग दुसरी खिडकी. दरवर्षी इथे आम्ही ओरडायचो. दीसाने तोंड उघडले आणि मिटले.

माझ्या खिडकीशी त्याने दांडा बगलेत धरला. एवढ्या लांबून नख दिसत नव्हते, पण हात दोनदा हलला. मग कान लावून तो उभा राहिला, जरा जास्तच वेळ उभा राहिला, आणि पुढच्या खिडकीकडे गेला. बऱ्याच खिडक्या राहिल्या होत्या आणि बोट खाडीच्या तोंडाशी वळायला लागली होती. माझ्या शेजारी रान्काने डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि उजवा कान किनाऱ्याकडे केला.